मिल्ले मिल्या बघायला पहिल्यांदा जाताय? जुन्या इटालियन रेसिंग गाड्या नीट कशा बघायच्या ते सांगतो

मी मूळचा पुण्याचा, कामानिमित्त काही वर्षं बोलोन्यात होतो आणि तिथेच जुन्या रेसिंग गाड्यांचं वेड लागलं. मिल्ले मिल्या म्हणजे इटलीत ब्रेशा गावातून दर वर्षी निघणारी या जुन्या गाड्यांची रॅली. आता ओळखीतलं कुणी ना कुणी दर वर्षी विचारतं, की आम्ही इटलीला चाललोय, दोन दिवस मोकळे आहेत, कुठं जाऊ, काय बघू, तिथं सगळे जाणकार असतात मग आपल्याला काही कळेल का. कळतं हो, नक्की कळतं, फक्त थोडी तयारी करून गेलात तर. नाहीतर काय होतं, माणूस चारशे गाड्यांच्या मधून तीन तास फिरतो, पाचशे फोटो काढतो आणि घरी आल्यावर त्याला एकही गाडी आठवत नाही. माझं पहिल्या वर्षी हेच झालं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या वर्षी बघितलेल्या काही गाड्या मला परत कधी दिसल्या नाहीत.

तर पहिलं काम घरीच करायचं. मॉडेलची नावं पाठ करत बसू नका, नावं वाचायची कशी ते शिका, कारण इटालियन लोकांनी गाडीची अर्धी माहिती नावातच कोंबून ठेवलेली असते. जुन्या फेरारीचा आकडा बहुतेक वेळा एका सिलिंडरचा सीसी असतो. १२५ म्हणजे १२ सिलिंडर गुणिले १२५, दीड लिटर झालं. २५० गुणिले १२ म्हणजे तीन लिटर, म्हणून २५० जीटीओ, २५० टेस्टा रोसा या सगळ्या तीन लिटरच्या व्ही १२, म्हणजे व्ही आकारात मांडलेले १२ सिलिंडर. पण फेरारी ५०० ला चारच सिलिंडर, म्हणजे दोन लिटर, आणि याच साध्या दिसणाऱ्या चार सिलिंडरवाल्या गाडीवर आस्कारीने १९५२ आणि १९५३ अशी दोन वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली. नंतर फेरारीनेच पद्धत बदलली, ३१२ म्हणजे तीन लिटर १२ सिलिंडर, २४६ म्हणजे २.४ लिटर ६ सिलिंडर, तेव्हा तिथं गडबडू नका. अल्फा रोमिओ त्यामानाने सरळ, ८सी २३०० म्हणजे आठ सिलिंडर तेवीसशे सीसी. आणि मासेराती ए६जीसीएस हे नाव तर मला फार आवडतं, ए म्हणजे आल्फिएरी, कंपनी काढणाऱ्या भावांपैकी एक, ६ सिलिंडर, जी म्हणजे गिझा म्हणजे बिडाचा ब्लॉक, सी म्हणजे कोर्सा म्हणजे रेस, एस म्हणजे स्पोर्ट. एवढं समजलं तरी बॉनेट उघडायच्या आधीच आत काय आहे ते तुम्हाला माहीत असतं.

टेस्टा रोसा म्हणजे लाल डोकं, इंजिनाच्या वरची झाकणं लाल रंगवलेली म्हणून. बाहेरून अख्खी गाडी लाल असते म्हणून ते नाव, असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. बाहेरचा लाल हा देशाचा रंग. पूर्वी रेसमध्ये देशाप्रमाणे रंग ठरलेले होते, इंग्लंड हिरवा, फ्रान्स निळा, जर्मनी पांढरा आणि पुढे चंदेरी, इटली लाल. म्हणून अल्फाही लाल, मासेरातीही लाल आणि लान्चाही लाल, लाल दिसली की फेरारी असं धरून चालू नका.

दुसरं, रस्त्यावरच्या जत्रेत जायच्या आधी एक म्युझियम करा. एकच. लोक थेट मारानेल्लोला, फेरारीच्या गावाला पळतात, माझं मत वेगळं आहे, आधी मिलानजवळ आरेझेला अल्फा रोमिओचं म्युझियम बघा, कारण गोष्ट तिथून सुरू होते. एन्झो फेरारीने १९२९ साली मोदेनात स्कुदेरिया फेरारी ही रेसिंग टीम काढली तेव्हा तो स्वतःच्या नाही, अल्फाच्या गाड्या पळवत होता. फेरारीच्या नावाची पहिली गाडी, १२५ एस, आली थेट १९४७ ला. त्याआधीचं सगळं वैभव आरेझेला. व्हित्तोरियो यानो नावाचा इंजिनीअर १९२३ ला फियाटमधून अल्फात आला आणि त्याने पी२ केली, मग ८सी, मग पी३. हीच पी३ घेऊन नुव्होलारीने १९३५ साली न्यूर्बुर्गरिंगला मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या कितीतरी ताकदवान गाड्यांना त्यांच्याच घरी हरवलं, तेही गाडी तोवर जुनी झालेली असताना. पुढे १५८ आणि १५९ बघा, दीड लिटरची, आठ सिलिंडरची, सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप लावलेली छोटीशी गाडी, १९५० ला फारिना आणि १९५१ ला फँजिओ, फॉर्म्युला वनच्या पहिल्या दोन्ही वर्ल्ड चॅम्पियनशिप हिच्याच.

तिथं अल्फाच्या गाड्यांवर पांढऱ्या त्रिकोणात हिरवं चार पानांचं चिन्ह दिसेल ना, त्याच्यासमोर जरा थांबा. १९२३ ला सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ रेसला अल्फाचा ड्रायव्हर ऊगो सिव्होच्चीने गाडीवर शुभशकुन म्हणून ते चार पानांचं क्लोव्हर पांढऱ्या चौकोनात रंगवून घेतलं आणि रेस जिंकला. त्याच वर्षी मोंझाला नवीन गाडीची चाचणी घेताना तो गेला, त्या गाडीवर ते चिन्ह नव्हतं. तेव्हापासून चौकोनाचा एक कोपरा कमी झाला, त्रिकोण राहिला, गेलेल्या माणसाची जागा रिकामी ठेवलेली. आपल्याकडे पंगतीत एखाद्याचं पान मांडून ठेवतात तसं मला ते वाटतं.

आता मुख्य गोष्ट, ब्रेशा. ही रेस का सुरू झाली ते माहीत असलं की गावातल्या लोकांचा जीव त्यात का अडकलाय ते कळतं. १९२१ ला इटलीची पहिली ग्रां प्री ब्रेशाजवळ झाली आणि पुढच्याच वर्षी ती मोंझाला गेली, गावाला ते फार लागलं. मग मॅज्जी, माझ्झोत्ती, कास्तान्येतो आणि कानेस्त्रिनी या चौघांनी ठरवलं की ट्रॅक नसला तर नसला, आपण अख्खा देशच ट्रॅक करू. ब्रेशा ते रोम ते ब्रेशा, साधारण १६०० किलोमीटर, म्हणजे हजार मैल, म्हणून मिल्ले मिल्या. पहिली रेस १९२७ ला आणि पहिले तिन्ही नंबर ओएम या ब्रेशाच्याच कंपनीच्या गाड्यांचे. १९५७ पर्यंत ही खरीखुरी रेस होती, आता जी असते ती वेळ सांभाळण्याची रॅली, ठरलेला तुकडा ठरलेल्या वेळेत सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक पार करायचा, वेगाची स्पर्धा नाही. आणि यात गाड्या कुठल्याही नाही चालत, १९२७ ते १९५७ मधल्या रेसमध्ये जी मॉडेलं उतरली होती तीच.

अलीकडे ही जूनमध्ये असते, पूर्वी मे असायचा, त्यामुळे तारखा आणि रस्ता दोन्ही त्या त्या वर्षी बघूनच तिकीट काढा, शेंगेनचा व्हिसा मुंबईतून वेळेत टाका. ब्रेशात त्या आठवड्यात खोली मिळणं अवघड आणि मिळाली तर खिसा रिकामा, पण गाव मिलान-व्हेनिस रेल्वे लाइनवर आहे, व्हेरोनात किंवा मिलानला राहा आणि ट्रेनने ये-जा करा. रस्त्यावर उभं राहून बघायला पैसे लागत नाहीत, हे मुद्दाम सांगतो कारण लोक समजतात की हा सगळा श्रीमंतांचा कार्यक्रम, आपल्याला कोण आत सोडणार. गाडी असणारे श्रीमंत आहेत, पण बघणाऱ्यांत शाळेची पोरं, आज्ज्या, दुकानदार, सगळं गाव असतं.

स्टार्टच्या आधी पुन्झोनातुरा असतं, म्हणजे गाड्या जुन्या गावातल्या चौकात आणून कागदपत्रं, नंबर आणि शिशाचं सील लावायचं काम. नवख्यासाठी सगळ्यात भारी वेळ हीच. गाड्या उभ्या असतात, बॉनेट उघडी असतात, मालक कंटाळून बाजूला उभे असतात आणि बोलायला तयार असतात. सकाळी लवकर जा, दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतं. नंतर व्हियाले व्हेनेत्सिया या रस्त्यावरच्या रॅम्पवरून एकेक गाडी सुटते ते बघायला मजा येते पण तिथं गर्दी एवढी की गाडीपेक्षा समोरच्याचा मोबाइलच जास्त दिसतो.

त्यापेक्षा एक दिवस डोंगरात जा. फ्लोरेन्स आणि बोलोन्याच्या मधे फुता आणि रातिकोझा हे घाट आहेत, रेसच्या इतिहासातले मानाचे घाट, आणि ज्या वर्षी रस्ता तिकडून असेल त्या वर्षी हेअरपिनच्या आतल्या बाजूला, रस्त्यापासून चांगलं लांब आणि उंचावर उभे राहा. तिथं गाडी हळू होते, ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो आणि तेव्हाच कळतं कोण गाडी चालवतंय आणि कोण नुसतं बसलंय. जुन्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअर सहज पडावा म्हणून असणारी सोय, नसतो, क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, एक रेस द्या, परत क्लच, मग गिअर. आपले जुने एसटीवाले डबल क्लच मारायचे, तेच. युद्धाच्या आधीच्या बऱ्याच अल्फांमध्ये तर अॅक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे असतो, विचार करा घाटात काय होत असेल. आणि स्टिअरिंग बऱ्याच गाड्यांचं आपल्यासारखं उजवीकडे असतं, इटलीत असूनही, त्यामुळे आपल्याला उगाचच जवळचं वाटतं.

आता गाडी बघायची कशी. एका दिवसात पाचच गाड्या निवडा. मी तर म्हणेन पहिल्या दिवशी एकच निवडा आणि तिच्याजवळ अर्धा तास काढा. आधी दहा-बारा पावलं लांबून बघा, गाडी जमिनीवर कशी बसलीय, चाकं आणि अंग यांचं प्रमाण कसं आहे. मग खाली बसा, डोळे हेडलाइटच्या उंचीला आणा आणि पत्र्यावरून नजर फिरवा. उजेड कसा सरकतो ते बघा. हे पत्रे प्रेसमध्ये दाबलेले नाहीत, अॅल्युमिनियमचा पत्रा हातोड्याने ठोकून ठोकून आकाराला आणलाय, त्यामुळे डावं आणि उजवं अंग शंभर टक्के सारखं नसतंच.

ब्रेशाच्या चौकात एकदा एक मासेराती ए६जीसीएस उभी होती, फान्तुझ्झीने बॉडी केलेली, दोन लिटरची, या मॉडेलच्या पन्नासच्या आसपासच गाड्या झाल्या. मालकाने बॉनेट उचललं, सगळे इंजिनाकडे वाकले आणि मी सहज बॉनेटच्या आतल्या बाजूला बघितलं. बाहेरून आरशासारखा लाल रंग, आत मात्र रंग पातळ, आणि त्याखाली हातोडीच्या खुणा, बोटाच्या पेराएवढ्या, एकाशेजारी एक, कडेकडे जाताना बारीक होत गेलेल्या, आणि एका ठिकाणी चार-पाच खुणा दाट पडलेल्या, म्हणजे तिथं पत्रा ऐकत नव्हता आणि कारागिराने परत परत समजावलाय. मला एकदम आमची कसब्यातली तांबट आळी आठवली. लहानपणी बंबावर, घंगाळ्यावर मठारकाम चाललेलं उभं राहून बघायचो, तोच ठोका, तेच ठसे. मोदेनातल्या त्या माणसाने सत्तर वर्षांपूर्वी ते केलं आणि ती गाडी मग रेसला गेली, मातीत गेली, कदाचित ठोकलीही गेली, आणि तरी ते ठसे तिथंच. त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीची आतली बाजू बघतो. तुम्हीही बघा. बाहेरचा रंग कुठलाही चांगला गॅरेजवाला देऊ शकतो, आतली बाजू खोटं बोलत नाही.

त्याशिवाय बघण्यासारखं म्हणजे बॉनेटवरचे चामड्याचे पट्टे, रिव्हेट, पटकन उघडायचं मोठं पेट्रोलचं झाकण, आणि तारांच्या चाकांच्या मधोमध असलेला एकच पंखांचा नट, जो हातोड्याने मारून सैल करतात, पिटमध्ये चाक झटपट बदलावं म्हणून. त्या नटाच्या पंखांवर खाचा पडलेल्या असतील तर ती गाडी वापरातली आहे असं समजा आणि मनात नमस्कार करा.

हात लावू नका. विचारल्याशिवाय अजिबात नाही. मी एकदा फोटोसाठी वाकलो आणि माझ्या पट्ट्याचं बक्कल दारापासून बोटभर अंतरावर होतं, शेजारच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने काही न बोलता आपला हात मधे धरला. बक्कल त्याच्या हातावर घासलं, गाडीवर नाही. मला आजही त्याचा तो हात दिसतो. त्यामुळे बक्कल, कॅमेऱ्याचा पट्टा, अंगठी, पाठीवरची सॅक, या सगळ्याची काळजी घ्या, अॅल्युमिनियम फार मऊ असतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना सायलेन्सरच्या बाजूला उभं करू नका, बऱ्याच गाड्यांचा पाइप बाहेरून दाराखालून जातो आणि पोटरीच्या उंचीला तो चांगला भाजतो.

इंजिन सुरू होणार असं दिसलं की फोन खिशात टाका. रेसिंग इंजिन किल्ली फिरवली आणि निघालं असं नसतं, आधी तेल गरम व्हावं लागतं, मेकॅनिक हळूहळू रेस वाढवत नेतो, कार्बोरेटर फुरफुरतात, थंड इंजिन एकदोन सिलिंडर सोडूनच बोलतं आणि मग एका क्षणी सगळी सिलिंडर एकत्र येतात आणि आवाज साफ होतो. तो क्षण ऐकायला जायचं. फेरारीचा इंजिनीअर कोलोम्बो, त्याच्या व्ही १२ चा आवाज तलम, रेशमी कापड फाडल्यासारखा, सुपरचार्जरवाल्या आठ सिलिंडर अल्फाचा वेगळा, खाली घरघर आणि वर बारीक शिट्टी. आणि वास. काही गाड्यांमध्ये अजूनही एरंडेलाचं रेसिंग ऑइल वापरतात, तो गोडसर जळका वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. आपल्याकडे एरंडेल म्हटलं की पोट साफ करायचं औषध, तिथं त्याच वासाला लोक डोळे मिटून उभे राहतात.

माणसांशी बोलायचं कसं, यात नवखे सगळ्यात जास्त अडखळतात. जवळ जाऊन बोंजोर्नो म्हणा, कोम्प्लिमेंती म्हणा, आणि गाडीकडे बोट करून पोस्सो म्हणजे बघू का असं विचारा. एवढ्यावर निम्मी दारं उघडतात. किंमत विचारू नका. एक २५० जीटीओ २०१८ ला लिलावात ४.८४ कोटी डॉलरला गेली हे सगळ्यांना माहीत असतं, पण समोरच्याला त्याच्या गाडीचे पैसे विचारणं म्हणजे कुणाच्या घरी जेवायला जाऊन भांडी कितीची असं विचारणं. त्यापेक्षा विचारा, ही कुठल्या रेसमध्ये पळाली, तेव्हा कोण चालवत होतं, कार्बोरेटर कोण जुळवतं, पावसात काढता का. शेवटच्या प्रश्नावर मालक खरा कसा आहे ते लगेच कळतं. काहीच सुचलं नाही तर नम्रपणे सांगा की मला फार माहिती नाही, शिकायला आलोय. मला एकाही इटालियन म्हाताऱ्याने या वाक्यावर हाकललेलं नाही, उलट एकाने पाऊण तास उभं करून वेबर कार्बोरेटर समजावला, निम्मं इटालियनमध्ये आणि निम्मं हातवाऱ्यांनी.

ही गाडी खरी की खोटी, हा प्रश्न मात्र जपून. रेसिंग गाड्यांचं आयुष्य फार हाल-अपेष्टांचं, इंजिन फुटायचं, दुसरं बसायचं, अपघात झाला की नवीन बॉडी, मॉडेल जुनं झालं की पुढच्या गिऱ्हाइकाच्या मर्जीने कापाकाप. त्यामुळे चासीचा म्हणजे सांगाड्याचा नंबर आणि त्या नंबरचा सलग इतिहास यालाच खरी किंमत. फेरारीत तेव्हा साधारणपणे रेसिंग गाड्यांना सम आणि रस्त्यावरच्या गाड्यांना विषम नंबर द्यायचे, पण जीटीओला रेसिंग असूनही विषम नंबर आहेत, तेव्हा नुसता नंबर बघून निकाल देऊ नका. नवीन बनवलेली नक्कलही असते, मालकाने तसं सरळ सांगितलं असेल तर तीही आनंदाने बघा, तिच्यातही कुणीतरी पत्रा ठोकलेलाच आहे. राग फक्त नकलेला अस्सल म्हणून खपवण्याचा यावा.

वेळ असेल तर गुइद्दिझ्झोलोला जाऊन या, मान्तोव्हाजवळ आहे. १२ मे १९५७ ला, ब्रेशा अगदी जवळ आलेलं असताना, आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारी ३३५ एस चा टायर सरळ रस्त्यावर फुटला. तो, त्याचा सोबती एडमंड नेल्सन आणि रस्त्याच्या कडेला बघायला उभी असलेली नऊ माणसं गेली, त्यातली पाच लहान मुलं. रेस तिथंच कायमची संपली. तिथं आता एक छोटं स्मारक आहे, आजूबाजूला शेतं, रस्ता अगदी साधा. मी तिथं गेलो तेव्हा कुणीतरी ताजी फुलं ठेवलेली होती. घाटात उंचावर आणि लांब उभे राहा असं मी वर का लिहिलं ते तिथं गेल्यावर सांगावं लागत नाही.

परत येताना मोदेनाजवळचं पनीनी कुटुंबाचं मासेराती कलेक्शन चुकवू नका, आधी वेळ विचारून जा. ते पार्मेजान चीज बनवणाऱ्या शेतावर आहे, एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला मासेराती. इथं गर्दी नसते, त्यामुळे वर सांगितलेलं खाली बसून बघायचं काम निवांत करता येतं.

आणि हो, मिल्ले मिल्यात मोठ्या नावांच्या मागे धावताना छोट्या गाड्या सोडू नका. ही रेस मुळात छोट्यांचीच होती, शेकडो साध्या माणसांनी आपली घरची गाडी घेऊन भाग घेतलेला. माझ्या शेजारी रस्त्याकडेला एकदा दादरचं एक मराठी जोडपं उभं होतं, काका-काकू, लेकीकडे म्युनिकला आलेले. एकामागून एक लाल गाड्या जात होत्या, काका शांतपणे बघत होते, आणि मग फियाट ११०० आली, फिकट रंगाची, दारावर नंबर, आतले दोघं घामाघूम. काका एकदम पुढे झाले आणि ओरडले, अगं ही आपली फियाट! त्यांचं बरोबरच होतं, हीच अकराशे पुढे आपल्याकडे कुर्ल्याला बनली, तिच्या जुन्या रूपाला लोक डुक्कर फियाट म्हणायचे, नंतर ती प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळीपिवळी होऊन मुंबईभर फिरली. काकांच्या वडिलांकडे होती म्हणे, स्टिअरिंगवर गिअर असलेली. त्यांनी हात हलवला, गाडीतल्या नॅव्हिगेटरने वहीतून मान वर काढून हात हलवला, आणि काकूंनी त्या दोघांसाठी पर्समधून काढलेली पाण्याची बाटली तशीच हातात राहिली, कारण तोवर अकराशे वळणाच्या पलीकडे गेली होती, आवाज मात्र बराच वेळ येत होता.